तेल उदंड आहे

मित्रांनो, मी कंदील. जुना म्हणा, पोचे पडलेला म्हणा, मला राग नाही. फक्त मला स्वस्थ म्हणू नका. स्वस्थ बसणं माझ्या पत्र्यातच नाही. वात खाली असली की वर यावंसं वाटतं, आणि वर आली की काच काळी होईल म्हणून जिवाला घोर लागतो. खुंटीला टांगून ठेवलं तरी वाऱ्याची झुळूक आली की मी कुरकुरतो. लोकांचा जीव कधीमधी टांगणीला लागतो, माझा तर सगळा जन्मच टांगणीला गेला.

जन्म माझा मुंबईचा. पत्रा कापून, ठोकून, सांध्यांना डाग देऊन मला उभं केलं आणि टाकी गळते की काय हे बघायला पाण्यात बुडवलं. बुडबुडा आला नाही तेव्हा कारागिरानं माझ्या डोक्यावर टिचकी मारली. त्या कारखान्यातली यंत्रं विजेवर फिरत. ती वीज कुठून येई, माहीत आहे? आमच्या लोणावळ्याच्या धरणांमधून. मावळात पडलेलं पाणी नळांनी घाटाखाली खोपोलीला उतरे, तिथं त्याची वीज होई आणि तारांवरून मुंबईला जाई. म्हणजे मी निम्मा मावळचाच की. आणि त्याच मावळात साधी चिमणी पेटवायची तर रॉकेल विकत आणावं लागतं, तेही नदी ओलांडून, हे मला पुढे कळलं तेव्हा माझी ज्योत अशी फडफडली की काच तडकता तडकता राहिली.

मला विकायला म्हणून केलंच नव्हतं. मी नमुना होतो. हिरवा रंग, चकचकीत कडी, काचेवर कंपनीची चांदणी. कंदील आणि रॉकेल विकणाऱ्या त्या कंपनीनं मला लोणावळ्याच्या बाजारातल्या आपल्या दुकानात धाडलं. बंगलेवाले यायचे, मला उचलून बघायचे, वात खालीवर करायचे, वाहवा करायचे आणि माझ्यासारखा दुसरा घेऊन जायचे. पहिले काही दिवस मला ते कौतुक गोड लागलं. मग कंटाळा आला. पेटायचं, मिरवायचं, मालवायचं, आणि उजेड मात्र कुणाच्याच कामाचा नाही. दिवसा दुकानात दिवा लावून काय उजेड पडणार?

त्या दुकानात हौशीराम नावाचा माणूस कामाला होता. वय तिशीचं, बाप रेल्वेत सांधेवाला होता, आई लोणावळ्यातच चार घरची भांडी घासून याला शिकवून गेली. माणूस भला, पण माझ्याहून चुळबुळ्या. बोलता बोलता सायकलची घंटी वाजवायचा, रस्त्यात कुत्रंसुद्धा नसलं तरी. शाईची पेन्सिल जिभेला लावल्याशिवाय त्याला लिहिता यायचं नाही, त्यामुळे त्याचे ओठ कायम निळे.

साल एकोणीसशे छत्तीस-सदतीसचं असेल. कंपनीच्या मनात आलं की आंदर मावळात, टाकव्याला, रॉकेलची एक वखार काढावी. आंदर मावळ म्हणजे इंद्रायणीच्या पलीकडची डोंगरातली गावं. भाताची खाचरं, गुरं, आणि लांबलांबच्या पायवाटा. तेल आणायचं तर कामशेत गाठावं लागे, आणि पावसाळ्यात नदी भरली की कामशेत जणू विलायतेला जाई. वखार झाली की तेल नदीच्या त्या बाजूला, गावांजवळ येणार होतं. पण मुंबईचे वाच्छासाहेब अंदाजानं काही करणारे नव्हते. पारशी गृहस्थ, गोरेपान, शर्टाच्या खिशाला घड्याळाची साखळी. ते म्हणाले, आधी पाहणी करू. लोकांना खरंच तेल कमी पडत असेल तर टाकवे, नाहीतर वखार तळेगावला. आणि ते काम पडलं हौशीरामच्या अंगावर. नमुना म्हणून मी त्याच्या सायकलच्या दांडीला लटकलो.

आता पाहणी कशी करायची, यावरच पहिला महिना गेला. साहेबांनी आधी जोडकार्डं पाठवली. अर्ध्यावर प्रश्न, अर्धं उत्तराला कोरं. गावागावच्या पाटलांना कार्डं गेली. परत आलं ते एकच, आणि त्यात लिहिलं होतं की इकडील सर्व क्षेम, आपल्या मुलाबाळांचे कुशल कळवावे. तेलाचा शब्द नाही. मग साहेबांनी सांगितलं की चावडीवर माणसं जमवा आणि सगळ्यांना एकदम विचारा. हौशीरामनं जमवली. उंबरवाडीच्या चावडीवर महिपती पाटील मधोमध बसले, बाकीचे कडेनं. हौशीरामनं विचारलं तेल पुरतं का. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला.

"आमच्या गावात कशाची कमी न्हाई," ते म्हणाले.

कडेचे सगळे माना डोलावू लागले. पाटलांसमोर कुणाच्या घरात काय कमी आहे हे कोण बोलणार? मी खांबाला टांगलेला होतो. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कंदिलानं ओरडायचं तरी कशानं?

शेवटी साहेबांनी छापील कागद पाठवले. घरोघर जायचं, घरच्या माणसाला विचारायचं, आणि तो जे म्हणेल ते जसंच्या तसं लिहायचं. त्यांनी हौशीरामला मुद्दाम बोलावून बजावलं की पदरचं काही घालू नका. लिहिणाऱ्यानं आपलं मत मिसळलं की कागद मेला. हौशीरामला ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? नुसतं एक खटकत होतं. या सगळ्या उठाठेवीचं नाव पाहणी, आणि पाहत कुणीच नव्हतं. सगळे विचारत होते.

पहिले काही दिवस हौशीराम सायकल जाईल त्याच घरी गेला. गाडीरस्त्याकडेची घरं, कुणाची बैलगाडी, कुणाचं किराण्याचं दुकान. तिथं तेलाची काळजी नव्हतीच. मग एक दिवस त्याची त्यालाच लाज वाटल्यासारखं झालं. सायकल जाईल तेवढाच मावळ धरायचा की काय, असं तो पुटपुटला, सायकल जांभळीच्या बुंध्याला लावली, मला हातात घेतलं आणि चढण चढायला लागला.

अशानं आम्ही रतनबाईच्या घरी पोचलो.

रतनबाई उंबरवाडीची सुईण. आसपासच्या साऱ्या वाड्यांमधली पोरं तिच्या हातावर जन्मलेली. हडकुळी, उंच, कपाळावर आडवं गोंदण, आणि बोलणं असं की समोरचा आधी घाबरतो, मग हसतो. मुलगा मुंबईला गिरणीत, घरात ती आणि सून अंबू. अंबूचे दिवस भरत आलेले नव्हते, पण पदराखाली पोट दिसत होतं.

हौशीरामनं मला ओटीवर ठेवलं आणि कागद उलगडला. माझ्या समोरच भिंतीत कोनाडा होता. कोनाड्यात पत्र्याची चिमणी. तिची वात सुकून वाकडी झाली होती आणि बुडापासून भिंतीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं. जिच्यात तेल असतं तिच्यावर जाळं धरत नाही, हे कुणी मला शिकवायला नको.

हौशीराम कागदावरचं वाचू लागला. "आपल्या घरी रॉकेलचा साठा पुरेसा असतो काय?"

"त्याल उदंड हाय," रतनबाई म्हणाली.

"अलीकडे तेलाची स्थिती काय आहे?"

"परवाच्याला वाढलं."

हौशीरामनं पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं, उदंड आहे. वाढले.

मित्रांनो, तुम्ही मराठी घरातली मुलं आहात. तुमची आजी मीठ संपलं म्हणते का? म्हणत नाही, मीठ वाढलं म्हणते. बांगडी फुटली की बांगडी वाढवली, दुकान बंद केलं की दुकान वाढवलं, आणि दिवा विझवला की दिवा वाढवला. भरल्या घरात नाही हा शब्द काढायचा नाही, कारण वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. तेल, मीठ, तांदूळ आणि कुंकू यांच्या बाबतीत तर नाहीच नाही. हौशीरामची आईही असंच बोलायची. रतनबाईच्या घरात तेलाचा थेंब नाही हे त्याला तिथल्या तिथं कळलं. पण साहेबांनी सांगितलं होतं जसंच्या तसं लिहा, आणि वाढलं म्हणजे काय हे कुणाला समजवायचं असतं का, असंही त्याला वाटलं असणार.

कागद भरून झाला, पेन्सिल कानावर गेली, अंबूनं ताक आणून दिलं, आणि मग खरं बोलणं सुरू झालं. रतनबाईनं सांगितलं की गेल्या श्रावणात अंबूचं पहिलं मूल झालं. नदीला पूर, कामशेतची वाट बंद, गावात कुणाकडंच तेल नाही. चुलीत काटक्या पेटवून ती त्या उजेडात बसली, पण लाकडं ओली, घरभर धूर. नाळेचा वेढा मानेला कुठून बसलाय हे हाताला कळत होतं, डोळ्यांना दिसत नव्हतं. मूल आलं तसं गेलं. साऱ्या गावाची पोरं सुखरूप काढली, आणि घरचंच हातातून निसटलं.

"आता पुन्यांदा श्रावणातच हाय तिचं," ती म्हणाली. "तवर तुमची वखार हुतीया का, भाऊ?"

हौशीराम म्हणाला की मावशी, होईल. तुमच्यासारख्या घरांचे कागद मुंबईला गेले की नक्की होईल. अंबू दाराआड उभी होती, तिनं ते ऐकलं. मीही ऐकलं. परतीच्या उतारावर तो घंटी नसताना अंगठ्यानं माझ्या कडीवर टिचक्या वाजवत होता.

वैशाखात वाच्छासाहेब हवा पालटायला लोणावळ्यास आले आणि दुकानात डोकावले. खुशीत होते. काम नीट केलंत म्हणून त्यांनी हौशीरामची पाठ थोपटली आणि वखार तळेगावला ठरली असं सांगितलं.

हौशीरामच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं विचारलं, का?

"तुमीच तर लिवलाय," साहेब म्हणाले. त्यांचं मराठी गुजराती वळणाचं. "तळेगावचे लोक बोलते, तेल नाय, तेल संपला. आंदर मावळचे लोक बोलते, उदंड हाय, वाढला. मी शब्दकोश उघडून बघितला. वाढणे, म्हणजे अधिक होणे. तेल वाढला तिथे वखार कशाला?"

हौशीराम आधी हसला. त्याला वाटलं गंमत आहे, आत्ता मिटेल. त्यानं सगळं समजावून सांगितलं, बांगडी सांगितली, मीठ सांगितलं, आईचं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं. तळेगावही मराठीच, मग तिथले लोक संपलं कसं म्हणाले? तर तळेगावची पाहणीही हौशीरामनंच केली होती, पण तिथं तो दुकानदारांना विचारून आला होता, आंदर मावळात घरच्या बायकांना. दुकानदार मालाला संपला म्हणतो, घरधनीण म्हणत नाही. पण हे आता सांगून काय उपयोग?

"मी तुमाला बोललो, पदरचं घालू नका," साहेब म्हणाले. "आज तुमी घालताय. कागद एक बोलतो, तुमी दुसरा बोलता. उद्या हिशेबनीस तिसरा बोलेल. मी कोणाचा धरू? एका बाईनं माझ्यासमोर साफ सांगावा, तेल नाय. एकच बाईनं. मी वखार टाकव्याला देतो."

माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. नियमाचा होता. आणि नियम चुकीचाही नव्हता, म्हणून तर मला इतकं तडफडायला झालं. काउंटरवर बसल्या जागी माझी काच आतून तापली.

दुसऱ्याच दिवशी हौशीरामनं मला घेतलं आणि उंबरवाडी गाठली. उन्हं उतरत होती. खाचरांमध्ये भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेला, रानभर जळक्या शेणापाल्याचा वास. रतनबाई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. त्यानं धाप लागलेल्या आवाजात सारं सांगितलं. साहेबांना घेऊन येतो, तुम्ही त्यांच्यासमोर फक्त एवढंच म्हणा की घरात तेल नाही. चार अक्षरं, मावशी, आणि वखार तुमच्या दारात.

रतनबाईचा तांदळातला हात थांबला.

"न्हाई म्हनू?" ती म्हणाली. "दिवेलागनीच्या वक्ताला, पोटुशी सून घरात असताना, माज्या तोंडानं घरात न्हाई म्हनू?"

हौशीराम म्हणाला की सुनेसाठीच म्हणायचंय.

"तिच्यासाटीच म्हनत न्हाई. गेल्या साली म्या म्हनलं हुतं, भाऊ. त्याल न्हाई, आता कसं करू, आसं वरडले हुते. माज्याच तोंडून गेलं." तिनं पदर डोळ्यांना लावला नाही, सुपालाच हातानं घट्ट धरलं. "आता मेले तरी म्हनायची न्हाई. माज्या घरात त्याल उदंड हाय."

अंबू आत चुलीशी बसली होती. चुलीच्या जाळात तिचं अर्धं तोंड दिसत होतं आणि अर्धं दिसत नव्हतं. मला इतकी कीव आली आणि इतका राग आला की सांगता येत नाही. राग कुणाचा, हेही कळत नव्हतं. बाईला तेल हवं, माणसाला द्यायचंय, साहेबालाही नको असं नाही, आणि तिघांच्या मध्ये एक एवढासा शब्द आडवा पडलेला.

हौशीराम उठला. जाताना येतो म्हणायलाही विसरला. मला पेटवलं आणि घराच्याही वरती, चढणीच्या माथ्यावर एक खडक आहे तिथं जाऊन मटकन बसला. अंधार पडला होता. बऱ्याच वेळानं त्यानं गावाकडे वळून बघितलं, आणि तसाच बघत राहिला. मग मला खाली ठेवून, हात डोळ्यांवर धरून बघितलं. मला वाटलं काय झालं. तर गाव नव्हतं.

म्हणजे होतं, पण दिसत नव्हतं. दिवेलागणीची वेळ, आणि खाली दरीत एवढाही ठिपका नाही. इकडे नदीपलीकडे कामशेत स्टेशनचे दिवे लुकलुकत होते. उंबरवाडीच्या जागी नुसता काळोख. इतके दिवस हौशीराम घराघरात शिरून विचारत होता, आणि एकदाही लांब उभं राहून त्यानं बघितलं नव्हतं. तो एकटाच हसायला लागला. मला उचलून त्यानं माझी काच सदऱ्याच्या टोकानं पुसली, आणि मला कळलं की याच्या डोक्यात काहीतरी आलंय.

साहेबांना त्या खडकावर आणणं सोपं गेलं नाही. कामशेतपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी, आणि शेवटी चढण. साहेब चार पावलांवर थांबत, घाम पुसत, आणि बाई कुठे आहे असं विचारत. हौशीराम म्हणे, बाई नाही साहेब, आज कुणाला काही विचारायचं नाही. आज फक्त बघायचं.

वर पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. मी पेटलेलो होतो. माझ्याच उजेडानं साहेबांचे डोळे दिपले होते, त्यांना पलीकडचं काही दिसेना.

"थांबा साहेब," हौशीराम म्हणाला. "आधी हा कंदील वाढवतो."

साहेबांना वाटलं उजेड मोठा करणार. हौशीरामनं माझी वात खाली घेतली, काच उचलली आणि फुंकर घातली. मी गेलो. म्हणजे तिथंच होतो, पण तुम्हाला समजतंय मला काय म्हणायचंय ते. थोडा धूर, आणि काळोख.

"हे काय केलात?" साहेबांनी विचारलं.

"कंदील वाढवला, साहेब."

"हा वाढवणं?"

"हाच."

आयुष्यभर मी हजारदा पेटलो, मित्रांनो. पण माझा खरा उपयोग झाला तो त्या घटकेला, विझण्यात.

साहेबांच्या डोळ्यांना काळोखाची सवय झाली तेव्हा हौशीराम म्हणाला की आता गाव दाखवा. साहेबांनी कामशेतकडे बोट केलं. तिकडे नव्हे, ते स्टेशन. मग त्यांनी खाली एका लालसर धगीकडे बोट केलं आणि तो एक दिवा आहे की असं म्हणाले. तो दिवा नव्हता, कुणाच्यातरी खाचरात उशिरा भाजलेला राब धुमसत होता. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. पायाखाली अख्खं गाव होतं. कुत्रं भुंकत होतं, कुणीतरी गुराला हाक मारत होतं, भाकरी भाजल्याचा वास येत होता, आणि दिसत काहीच नव्हतं.

माथ्यावर कुणी आलंय हे कळून महिपती पाटील ठेचकाळत वर आले. साहेबांनी त्यांना विचारलं की गावात दिवे का नाहीत. पाटलांनी अंधारातच मिशीवरून हात फिरवला असणार.

"आमच्या गावात कशाची कमी न्हाई," ते म्हणाले.

आणि वाच्छासाहेब मोठ्यानं हसले. पाटलांना का ते कळलं नाही. साहेब मात्र पुढचे दोन दिवस तिथंच राहिले. एका रात्रीचं मी धरत नाही म्हणाले, दुसऱ्या गावांच्या माथ्यावरही गेले, आणि दर वेळी आधी कामशेतकडे बघून मग खाली बघायचे. परत निघताना त्यांनी हौशीरामला सांगितलं की पाहणी हा तुमचा शब्द मला आधी कळला असता तर एवढी कार्डं वाया गेली नसती.

ज्येष्ठ संपायच्या आत टाकव्याला वखार उघडली आणि हौशीराम तिच्यावर बसला. नमुन्याचं काम संपलं म्हणून साहेबांनी मला त्याला देऊन टाकलं, आणि त्यानं मला टाकी काठोकाठ भरून रतनबाईच्या ओटीवर नेऊन ठेवलं. तिनं मला वरखाली बघितलं. डब्यातून हळदकुंकू काढून माझ्या हिरव्या पत्र्याला बोट लावलं. मला पहिल्यांदाच एका जागी बसावंसं वाटलं, पण लगेच श्रावणाची काळजी लागली.

श्रावण आला, नदी भरली, वाट बंद झाली. अंबूला कळा सुरू झाल्या तेव्हा दिवस मावळत होता. रतनबाईनं मला तुळईला टांगलं आणि वात मोठी केली. या खेपेलाही नाळ मानेला होती. पण या खेपेला ती दिसत होती. रतनबाईच्या बोटांची सावली भिंतीवर हलत होती, आणि मी, जो कधी स्वस्थ बसलो नाही, तो मी तेवढा वेळ जराही हललो नाही. मुलगी झाली. तिच्या पहिल्या रडण्यानं माझी काच वाजली की मीच वाजलो, मला आठवत नाही.

पुढची वर्षं मी रतनबाईच्या हातात डोंगर पालथे घातले. कातकरी-ठाकरांच्या वाड्या, धनगरांची झापं, जिथं हाक येईल तिथं. पोचे आले, हिरवा रंग गेला, चांदणीवाली काच फुटली, म्हणजे वाढवली, आणि साधी काच आली. मग जगाची लढाई पेटली आणि रॉकेलवर रेशन आलं. कुणाला किती द्यायचं ते ठरवायला कुणाच्या घरात किती साठा आहे ते लिहून आणायचं सरकारी काम वखारवाला म्हणून हौशीरामच्याच गळ्यात पडलं. त्याच्या कानशिलांवरचे केस पांढरे व्हायला लागले होते. सायकल तीच होती, घंटी मात्र गंजून मुकी झाली होती.

तो उंबरवाडीला आला. मी खुंटीला कोरडा लटकत होतो, कित्येक दिवस माझ्या टाकीत तेलाचा वास तेवढा राहिला होता. रतनबाई आता वाकली होती. नात चिंगी तिच्या मांडीला टेकून बसली होती. हौशीरामनं कागद काढला, पेन्सिल जिभेला लावली.

"मावशी, घरात तेल किती?"

"उदंड हाय," रतनबाई म्हणाली.

हौशीरामनं मान हलवली. उठून त्यानं मला खुंटीवरून काढलं, कानाशी धरून हलवलं, आणि परत टांगलं. मग कागदावर लिहिलं, नाही. रतनबाईनं ते लिहिताना बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तो काय लिहितोय हे तिला ठाऊक होतं. तिनं चिंगीला ताक आणायला सांगितलं.

मित्रांनो, रतनबाई आता नाही. मी चिंगीच्या घरी माळ्यावर असतो. लोणावळ्यात विजेचे दिवे झाले, इकडेही म्हणे कधीतरी येतील, ते येईपर्यंत आणि आल्यावरही माझी काच अधूनमधून पुसत जा. जुनी वस्तू माळ्यावर पडली की मूक होते, तिला काय हवं ते तिला सांगता येत नाही. माणसांचंही तसंच असतं, तोंड असूनही. म्हणून कुणी तुम्हाला विचारलं की त्या जुन्या कंदिलात तेल आहे का, तर रतनबाईसारखं उदंड आहे म्हणा. आणि मग मला खाली काढा, कानाशी धरा, आणि एकदा हलवून बघा.